गाड्यांची भंगार यार्डं बदललीत का, की मलाच तसं वाटतंय?

जुनाट_पाना:
पॉवर विंडोची मोटर गेली म्हणून बऱ्याच वर्षांनी यार्डात गेलो. आधी कसं, पाने घेऊन आत शिरायचं, एकावर एक रचलेल्या गाड्यांत आपलं मॉडेल हुडकायचं, स्वतः खोलायचं आणि गेटवर दाखवून पैसे द्यायचे. यावेळी आत सोडलंच नाही. काउंटरवरच्या पोराने चेसिस नंबर मागितला, कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि रॅकमधून बारकोड लावलेली मोटर आणून ठेवली समोर. पाच मिनिटांत काम झालं पण मजा गेली राव. नेमकं कशामुळे झालं हे सगळं?

ऑइलचे_हात:
मी काही वर्षं यार्डात काम केलंय म्हणून सांगतो, सगळ्यात मोठा फरक जमिनीत आहे. पूर्वी गाडी आली की टाकली कोपऱ्यात, ऑइल कुलंट जे काय गळायचं ते गळायचं, पाऊस पडला की वाहून जायचं. आता नीट चालणाऱ्या यार्डात गाडी आली की आधी बॅटरी काढतात, मग पेट्रोल, इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल, एसीचा गॅस सगळं वेगवेगळं काढून घेतात आणि मगच पान्याला हात लावतात. काही जुन्या गाड्यांच्या डिकीतल्या लाइटच्या स्विचमध्ये पारा असायचा, तोसुद्धा वेगळा काढावा लागतो. युरोपात तर यासाठी २००० साली नियम आले, आणि २०१५ पासून गाडीच्या वजनाचा ९५ टक्के भाग कुठल्या ना कुठल्या रूपात वापरात आणायचं बंधन आहे. बाकी गिऱ्हाईक आत न सोडण्याचं कारण साधं आहे, रचलेल्या गाड्यांखाली कोणी चेंगरलं तर निस्तरणार कोण.

फ्यूज_उडाला:
ते ठीक आहे पण खरी गोची इलेक्ट्रॉनिक्सने केलीय. पूर्वी पार्ट बसला म्हणजे चालला. आता बसतो पण चालत नाही! ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर, इमोबिलायझरशी (चोरी रोखणारं चावीचं लॉक) बांधलेला, दुसऱ्या गाडीत टाकला तर बऱ्याचदा कोडिंग केल्याशिवाय गाडी चालूच होत नाही. आणि यार्डवाल्यांची नजर पण बदलली, आधी इंजिन गिअरबॉक्सवर असायची, आता गाडी आली की पहिला सायलेन्सरच्या लाइनमधला धूर साफ करणारा डबा, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, कापतात, आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे महाग धातू असतात ना.

ऑइलचे_हात:
बरोबर. इलेक्ट्रिक गाड्यांचं तर वेगळंच प्रकरण. नारंगी केबल, म्हणजे हाय व्होल्टेजची, दिसली की आमच्यातल्या अर्ध्यांचे हात थांबायचे. ठोकलेल्या गाडीची लिथियम बॅटरी नंतर काही दिवसांनीही पेट घेऊ शकते, म्हणून ती गाडी बाकीच्यांपासून लांब, मोकळ्यावर उभी करतात.

गंजका_बोल्ट:
@जुनाट_पाना स्वतः पार्ट काढायची यार्डं अजून आहेत हो, फक्त रचलेल्या गाड्या नसतात, जुन्या रिम वेल्ड करून केलेल्या स्टँडवर ओळीत उभ्या असतात. मला एकच गोष्ट आठवते, आमच्याकडच्या म्हाताऱ्या मालकाला कुठला पार्ट कुठल्या वर्षाच्या गाडीला बसतो ते तोंडपाठ, आणि अडलाच तर एक जाडजूड, ऑइलने काळं पडलेलं पुस्तक उघडायचा. ते डोकं आता कॉम्प्युटरमध्ये गेलं.

जुनाट_पाना:
धन्यवाद सगळ्यांना. मोटर आज बसवली, चालतेय. फक्त काढणाऱ्याने वायर कपलरच्या इतकी जवळ कापलीय की जोड द्यायला बोटभरसुद्धा जागा नव्हती, अर्धा तास दाराच्या आत हात घालून बसलो होतो. मी काढली असती तर वीतभर वायर ठेवली असती.