सिप्रो कधीच घेतली नाही, तरी कल्चर रिपोर्टवर ‘आर’ कसा?

घणसोली केमिस्ट
लोक लघवीच्या कल्चरचा, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीचा, रिपोर्ट घेऊन काउंटरवर येतात. ई. कोलाय हा जंतू, १ लाख सीएफयू (जिवंत जंतूंचा आकडा), सिप्रोफ्लॉक्सॅसिन (सिप्रो) या अँटिबायोटिकपुढे ‘आर’ (रेझिस्टंट, म्हणजे औषध चालत नाही), नायट्रोफ्युरँटॉइन या दुसऱ्या अँटिबायोटिकपुढे ‘एस’ (सेन्सिटिव्ह, म्हणजे चालतं). विचारतात, “शरीराला औषधाची सवय झाली का?” यात सिप्रो कधी न घेतलेलेही असतात. त्यांना नेमकं काय सांगावं?

वाशी मायक्रो
सवय शरीराला होत नाही, बदलतो तो जंतू. हे आधी सांगाच.

सिप्रो जंतूच्या डीएनए गायरेज या एन्झाइमला पकडते. त्याच्या जनुकात एक अक्षर चुकलं की पकड ढिली पडते. ही चूक औषधामुळेच होते असं नाही. डीएनएची नक्कल होताना कोट्यवधी पेशींत एखादीत ती आपसूक होते. पण पोषक जागी ई. कोलाय २० मिनिटांत दुप्पट होतो, त्यामुळे असा एखादा सापडतोच. औषध आलं की बाकीचे मरतात आणि मोकळी जागा त्याला मिळते. पुढे दुसऱ्या एन्झाइमच्या जनुकातही बदल झाला, की नेहमीचा डोस पुरत नाही.

न घेतलेल्यांचं म्हणाल, तर असा तयार जंतू अन्नपाण्यातून, घरातल्या माणसाकडून किंवा हॉस्पिटलमधून आतड्यात येऊन राहतो आणि तिथूनच मूत्रमार्गात शिरतो. त्यात प्लाझ्मिड असतात, म्हणजे डीएनएची सुटी कडी. एक जंतू दुसऱ्याला चिकटून तिची प्रत देतो, अगदी क्लेब्सिएलासारख्या वेगळ्या जातीलाही. सेफिक्झिमसारखं अँटिबायोटिक फोडणाऱ्या ईएसबीएल या एन्झाइमचं जनुक बहुधा प्लाझ्मिडवरच असतं. सोबत इतर औषधांविरुद्धची जनुकंही असतात, म्हणून एका औषधाच्या वापराने सगळी टिकून राहतात.

नौपाडा लॅब
सॅम्पलच चुकलं तर हे सगळं वाया. पहिली धार सोडून मधली घ्यायची, तीही अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी. डबी दोन तासांत लॅबमध्ये पोचवा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवा. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये उन्हात अडकली तर आतले जंतू वाढून आकडा फुगतो. तीन प्रकारचे जंतू उगवले तर बहुतेक वेळा सॅम्पल बाहेरून दूषित झालेलं असतं, पुन्हा घ्यावं.

घणसोली केमिस्ट
आणि ‘एस’ दाखवून थेट नायट्रोफ्युरँटॉइन मागितली तर?

वाशी मायक्रो
प्रिस्क्रिप्शनशिवाय नाही. ती लघवीत साठते, रक्तात आणि किडनीत पुरेशी पोचत नाही. थंडी-ताप, कंबरेच्या वर एका बाजूला दुखणं असेल तर ‘एस’ असूनही ती उपयोगाची नाही, लगेच डॉक्टरांकडे पाठवा. आणि काहीच त्रास नसेल, तर गरोदर बाई किंवा मूत्रमार्गाचं ऑपरेशन ठरलेले पेशंट सोडून बहुतेकांना नुसत्या आकड्यासाठी अँटिबायोटिक लागत नाही.