जुन्या सीजे-३बीचा क्लच: नळी-केबल ठेवावी की हायड्रॉलिक करावा?

घाटवाट:
गाडी महिंद्राची जुनी जीप, सीजे-३बी, मूळ पेट्रोल इंजिन, टी-९० गिअरबॉक्स. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग सगळं नवं. तरी पेडल तळाला टेकवूनही पहिला गिअर खरखरतो. पेडलची हालचाल क्लचकडे नेणाऱ्या खालच्या आडव्या नळीला हाताने चांगलाच खेळ लागतो. एक जण म्हणतो बुश (सांध्यातल्या झिजणाऱ्या कड्या) बदला, दुसरा म्हणतो हे सगळं काढा आणि मास्टर-स्लेव्ह बसवा, म्हणजे तेलाच्या दाबाचे दोन सिलिंडर: पेडलकडे मास्टर, क्लचकडे स्लेव्ह. गाडी चिखलात आणि ओढ्यातून चालते. काय करावं, आणि का?

जुना_पाना:
मूळ इंजिन असेल तर मूळ लिंकेज, म्हणजे नळी-केबलचीच जोडणी. त्या नळीचं एक टोक चॅसीवरच्या बॉलवर, दुसरं बेलहाउसिंगच्या (क्लचवरच्या आवरणाच्या) बाजूच्या बॉलवर. इंजिन रबरी माउंटवर हलतं, चॅसी पिळते. दोन्ही हालचाली नळी सांभाळून घेते. पुढे छोटी केबल फोर्क, म्हणजे क्लच सोडवणारा दांडा, ओढते.

खेळ प्रत्येक सांध्यात थोडा थोडा साठतो: पेडलचा शाफ्ट, दोन्ही बॉल, केबलच्या योकची (टोकाच्या दुबेळक्याची) पिन. चार ठिकाणी एकेक मिलिमीटर गेला की फोर्कपर्यंत पोचायची हालचाल तिथेच जिरते. लेथवर पितळी बुश करून घ्या, अंडाकार झालेली भोकं भरून पुन्हा पाडा, पिना आणि स्प्लिट पिना नव्या घाला. बॉलला ग्रीस निपल नसेल तर बसवा. नळीवरच्या लिव्हरच्या वेल्डिंगला केसासारखी भेग आहे का, तेही रंग खरवडून बघा. बुश नवे आणि लिव्हर वाकतोय, असं पुष्कळदा असतं. शेवटी योक फिरवून पेडलला पाऊण ते एक इंच मोकळा खेळ ठेवा. शून्य खेळ ठेवलात तर बेअरिंग कायम फिरत राहील आणि क्लच घसरू लागेल.

ब्रेकऑइल:
पाना, हे सगळं दर पावसाळ्यानंतर पुन्हा करायचं ना? चिखलात गेलेला पितळी बुश म्हणजे सहाणेवरचं चंदन. इंजिन माउंट सैल पडले की नळी तिरकी होते आणि चढावर क्लच थरथरतो. हायड्रॉलिकला इंजिन कितीही हलू दे, मध्ये रबरी होज आहे.

हिशोब सोपा आहे. फोर्कच्या टोकाला साधारण २० ते २२ मिमी हालचाल हवी. पाऊण इंच व्यासाचा मास्टर ३० मिमी दाबला आणि स्लेव्ह सात-अष्टमांश इंची असला, तर स्लेव्ह २२ मिमी सरकतो. बरोबर बसतं. पेडल हलकं व्हावं म्हणून एक इंची स्लेव्ह घेणारे फसतात: हालचाल १७ मिमीवर येते, पेडल लोण्यासारखं आणि गिअर तसाच खरखरतो.

लेथवरचा:
हिशोब बरोबर, पण बसवणार कुठे ते सांगितलं नाहीत. या गाडीत केबल फोर्क *ओढते*, साधा स्लेव्ह *ढकलतो*. म्हणून स्लेव्ह फोर्कच्या दुसऱ्या बाजूला यायला हवा, आणि त्याचा ब्रॅकेट बेलहाउसिंगलाच, किमान ६ मिमी पट्टीचा. चॅसीवर बसवलात तर इंजिनाच्या प्रत्येक हिसक्याला क्लच आपोआप दाबला जाईल, म्हणजे नळीचा फायदा गेला आणि तोटा दुप्पट.

मास्टरचंही तसंच. वरून लटकतं पेडल करून पुढच्या पत्र्यावर मास्टर लावला तर पत्राच फुगतो-दबतो आणि ३० मिमीतले ५ मिमी तिथेच संपतात. मागून ५ मिमी प्लेट लावा. मूळ पेडल ठेवून मास्टर चॅसीवर लावता येतो, पण मग तेलाची डबी नळीने बॉनेटखाली वर आणा. पायाखालच्या झाकणातून तेल भरताना मातीही आत जाते.

घाटवाट:
मग नळी काढून पेडलपासून फोर्कपर्यंत सरळ लांब केबल टाकली तर?

लेथवरचा:
चालते, स्वस्तही पडते. वळणं मोठी ठेवा आणि सायलेन्सरच्या पाइपापासून दूर न्या. एक गोष्ट मात्र हटकून विसरली जाते: इंजिन ते चॅसी अर्थिंगची पट्टी. ती गंजलेली असेल तर स्टार्टरचा करंट परतीची वाट क्लच केबलमधून शोधतो, तारा तापतात आणि केबल आतल्या आत चिकटते. नवी केबल घातली की तीही जाते. आधी पट्टी बदला. नायलॉन अस्तराच्या केबलमध्ये ग्रीस कोंबू नका.

जुना_पाना:
ब्रेकऑइल, केबल तुटली तरी लो रेंजमध्ये पहिला गिअर टाकून स्टार्टरवरच गाडी निघते आणि घरी येते.

ब्रेकऑइल:
क्लच नसताना स्लेव्ह गळालेली गाडीही तशीच निघते, त्यात केबलचं कौतुक कसलं! सोबत सील किट आणि अर्धी बाटली डॉट ४ ब्रेक ऑइल ठेवा. तेल दोन वर्षांनी बदला, ते हवेतलं पाणी शोषतं. गिअर किंवा इंजिन ऑइल चुकूनही टाकू नका, रबर फुगून मास्टर अडकतो. बाहेर थेंबही नाही आणि दाबून धरलेल्या पेडलवर गाडी हळूच पुढे सरकू लागली, तर मास्टरचं आतलं सील गेलंय.

जुना_पाना:
मान्य. मला नको ते गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसणारं गोल स्लेव्ह. एक सील गळालं की गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस खाली.

ब्रेकऑइल:
त्यावर भांडण नाही. स्लेव्ह बाहेरच, हवा काढायचं निपल वरच्या बाजूला, नाहीतर हवा निघणार नाही. आणि रिटर्न स्प्रिंग लावा. या जुन्या तीन बोटांच्या (बेअरिंग ज्यांना दाबतं त्या तीन लिव्हरांच्या) प्रेशर प्लेटला बेअरिंग कायम टेकलेलं चालत नाही. बेअरिंग आणि बोटांत दोनेक मिमी फट हवी. डिझेल इंजिन बसवलेल्या गाडीत मात्र मी हायड्रॉलिकच सांगेन, कारण बेलहाउसिंगवरचा बॉल मूळ जागी येतच नाही.

जुना_पाना:
डिझेलवाल्याला मीही तेच सांगेन. घाटवाट, तुमचं इंजिन मूळ आहे, तेव्हा पैसे खर्चायच्या आधी हे करा: कुणाला तरी पेडल पूर्ण दाबायला सांगा आणि फोर्कचं टोक किती सरकतं ते पट्टीने मोजा. १५ मिमीच्या आत असेल तर दोष लिंकेजचा. २० मिळूनही खरखरत असेल, तर बेलहाउसिंगच्या आत बघा: तीन बोटं एका उंचीवर नसतील, प्लेट उलटी बसली असेल किंवा स्प्लाइनवर (शाफ्टच्या खाचांवर) अडकत असेल. शिवाय टी-९०च्या पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअरचे वेग जुळवणारी कडी) नाही. क्लच दाबून दहा सेकंद थांबा, मग टाका. तेव्हा गप्प जात असेल तर क्लच ठीक सुटतोय, घाई तुमची.

घाटवाट:
मोजलं. १३ मिमी. दहा सेकंद थांबूनही खरखरतो.

जुना_पाना:
मग लेथवाल्याकडे जा. चारही सांधे एकदमच करा. एक नवा आणि तीन जुने ठेवलेत, तर १३चे १५ होतील, २० नाही.