घर आणि भट्टी दोन्ही परराज्यात हलवायची आहेत. माती न्यावी की सोडावी? मदत हवी आहे

मंडळी, नमस्कार.

नवऱ्याची बदली परराज्यात झाली आहे आणि दोन महिन्यांत बिऱ्हाड हलवायचं आहे. घरसामानाची मला फारशी काळजी नाही, ते पॅकर्सवाले नेतील. जीव अडकलाय तो मागच्या खोलीत. तिथे माझं मातीकाम चालतं. एक इलेक्ट्रिक भट्टी, एक चाक, ग्लेझच्या (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप) 11 बादल्या आणि पिशव्यांत बांधून मुरत ठेवलेली साधारण 300 किलो माती.

मुख्य प्रश्न या मातीचाच आहे. दोन माती एकत्र करून मी ती स्वतः तयार करते. नऊ वर्षं हिच्यावरच हात बसलाय. वाळून-भाजून ती 12 टक्के आटते, त्यामुळे चाकावर कप केवढा काढायचा ते आता मोजावं लागत नाही. सगळी ग्लेझंही हिच्याशीच जुळवलेली. भांडं थंड होताना ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसलं की बारीक तडे जातात, फारच कमी आकसलं की काठावरचे टवके उडतात. या दोन्हींच्या मधली जागा सापडायला मला चार वर्षं लागली.

गेल्या महिन्यात तिकडची माती मागवली आणि माझ्या निळ्या ग्लेझमध्ये सहा वाट्या भाजल्या. भट्टीतून काढून ओट्यावर ठेवल्या तर टिण... टिण... रात्री उशिरापर्यंत वाजत होत्या. सकाळी शाई लावून पुसली, सहाही वाट्यांवर जाळं उमटलं. तेव्हापासून मला नीट झोप नाही.

नवरा म्हणतो, सगळी माती घेऊन चल, ट्रक आपलाच आहे. पण ती वर्षभरात संपेल, मग पुढे काय?

दुसरी काळजी भट्टीची. परवा साफ करताना ब्रशचा हलका धक्का लागला आणि खाचेतून वर आलेलं, भट्टी तापवणाऱ्या तारेचं एक वेटोळं कट्कन मोडलं. एकदा तापलेली तार गार असताना इतकी ठिसूळ होते, तर ट्रकमधल्या हादऱ्यांत तिचं काय होईल? भट्टी उभीच न्यायची, आडवी करायची नाही, एवढं मला ठाऊक आहे. 40 कच्ची भांडी आहेत, ती निघण्याआधी बिस्क (ग्लेझ लावण्याआधीची पहिली भाजणी) भाजून घेणार आहे. कोणी असं वर्कशॉप हलवलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद 1
ताई, मी दोनदा हलवलंय. माती ओली नेऊ नका. ओल्या मातीत साधारण पाचवा हिस्सा पाणी असतं, म्हणजे 300 किलोत 60 किलो नुसतं पाणी वाहून न्याल. पातळ थापून कडक वाळवा. पूर्ण सुकलेली माती पाण्यात टाकली की आपोआप विरते, अर्धवट ओली मात्र गोळा धरून बसते. फक्त कुटू नका, ती धूळ फुप्फुसाला वाईट. ग्लेझंही वाळवूनच न्या. वर आलेलं पाणी ओतून टाकू नका, काही घटक त्यात विरघळलेले असतात, ते निघून जातील.
भट्टीची कडी (एकावर एक रचलेले गोल भाग) सुटी होत असतील तर सुटी करून फोमवर ठेवा, आतली शेल्फं बाहेर काढून कडेवर उभी बांधा. एलिमेंटचा, म्हणजे त्या तापणाऱ्या तारांचा, एक जादा सेट आत्ताच मागवून ठेवा. इतकं करूनही तुटतात, पण मग काम अडत नाही.

प्रतिसाद 2
वरच्यांशी सहमत, पण एवढी माती कशाला? एका वेळी एकच गोष्ट बदला. तिकडची आणखी माती मागवा आणि इथल्या ओळखीच्या भट्टीत, इथल्याच पाण्यात तुकडे भाजा. निळ्यात सिलिका (गारगोटीची पूड) 2, 4, 6 टक्के वाढवून बघा, तडे बहुधा त्यानेच आटोक्यात येतात. तुकडे उकळत्या पाण्यातून बर्फाच्या पाण्यात घालून तपासा, कारण काही तडे आठवड्यांनी उमटतात. तिकडे गेल्यावर पहिली भट्टी मात्र जुन्या मातीची लावा. ती बिघडली तर दोष भट्टीचा किंवा विजेचा, मातीचा नाही, हे लगेच कळेल. वायरिंग ट्रक पोचायच्या आधी करून घ्या आणि भट्टी चालू असताना व्होल्टेज मोजा. ते 10 टक्क्यांनी पडलं तर भट्टीची ताकद 19 टक्क्यांनी घटते, आणि शेवटच्या शंभरेक अंशांना ती तिथेच रेंगाळते.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. जुनी माती मापासाठी न्यायची, हे मला सुचलंच नव्हतं. मग 50 किलो वाळवून नेते, बाकीची इथे शिकायला येणाऱ्या मुलींना देते. त्यांनाही हाताला हीच सवय आहे. तिकडची माती आजच मागवली.
आता चाकाचं सांगा. खालचं जड चक्र दांड्यावरून उतरवून न्यावं, की बसलेलंच राहू द्यावं? दांडा वाकला तर मला तिकडे तो सरळ करून देणारं कोणी सापडणार नाही.