फायरफिश गोबी कपारीबाहेर येत नाही, मदत हवी आहे

माझ्या ७५ लिटरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत क्लाउनफिशची जुनी जोडी असून, दहा दिवसांपूर्वी सोडलेली फायरफिश गोबी (एक लहान समुद्री मासा) दगडाच्या कपारीतून केवळ डोके आणि पाठीवरचा लांब काटा बाहेर काढते व मोठी क्लाउनफिश जवळ येताच आत दडते. पाण्यात अमोनिया व नायट्राइट (माशांना घातक द्रव्ये) शून्य, सापेक्ष घनता (खारटपणाचे माप) १.०२५, तापमान २६ अंश सेल्सिअस आहे. ही जात उडी मारते म्हणून वर जाळी आहेच. दिवे मंद केले, दगडांची मांडणी बदलली, गोठवलेले ब्राइन श्रिम्प (माशांना खाऊ घालायचे कोळंबीसारखे बारीक जीव) पिपेटने कपारीपाशी सोडले. त्यांतले दोन-चारच ती टिपते. पोट अजून खपाटीला गेलेले नाही, एवढाच दिलासा. दुसरी टाकी ठेवणे शक्य नाही. अशा वेळी जाळीच्या डब्यात क्लाउनफिशला वेगळे ठेवावे की गोबीला, आणि किती दिवस?