चोक काढला की बंद पडणारा ग्रासकटर

चोक (हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी झडप) लावला की ग्रासकटर चालतो, काढला की बंद पडतो, म्हणून तुम्हाला पिस्टन-रिंग बदलायला सांगितलंय. कृपा करून आधी इंजिन उघडू नका. हे लक्षण बहुतेक वेळा पेट्रोल कमी पोचण्याचं असतं. टाकीतला फिल्टर तारेच्या आकड्याने ओढून बघा, रबरी नळी वाकवून चीर शोधा. मग कार्बोरेटरचा, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाचा, पातळ पडदा तपासा. तो बोटाला मऊ लागायला हवा. आमच्या काजूच्या बागेतल्या मशीनचा कडक होऊन कागदासारखा वाजत होता, बदलल्याबरोबर मशीन सुरळीत! जेटमध्ये (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक भोकात) सुई मात्र घालू नका, भोक मोठं होतं. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढतं. त्यामुळे हंगाम संपला की टाकी रिकामी करून, मशीन आपोआप थांबेपर्यंत चालवून ठेवा.