बांधावरचा आंबा आणि 11 केव्हीची तार

प्रश्न (तासगाव तालुका, जि. सांगली):
आमच्या मळ्यात बांधावर आजोबांनी लावलेला रायवळ आंबा आहे. त्याच्या शेंड्यालगत 11 केव्हीची (11 हजार व्होल्टची) वाहिनी जाते आणि आता वारा सुटला की फांद्या तारेला घासतात. परवाच्या वळवात चरचर आवाज येत होता; सकाळी पाहिले तर शेंड्याची पाने करपून तपकिरी झाली होती. गावातला झाडे तोडणारा म्हणतो, "डीपीचे (ट्रान्सफॉर्मरचे) फ्यूज काढा, अर्ध्या तासात फांद्या उतरवतो." महावितरणच्या शाखा कार्यालयात तोंडी सांगून महिना झाला, पण कोणी आले नाही. आंबेही उतरायला आले आहेत. काय करावे?

उत्तर (निवृत्त लाईनमन, वाळवा तालुका):
कृपा करून त्या माणसाला झाडावर चढू देऊ नका. डीपीचे फ्यूज काढल्याने मोटारींकडे जाणारा लघुदाबाचा पुरवठा तेवढा बंद होतो. डीपीपर्यंत येणारी 11 केव्हीची वाहिनी चालूच राहते, आणि तुमच्या फांद्या नेमक्या तिलाच लागल्या आहेत. ती बंद करायची तर उपकेंद्रातून परमिट घ्यावे लागते, तारेत वीज नाही हे तपासावे लागते आणि कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग करावे (तार जमिनीशी जोडावी) लागते, कारण एखाद्याने जनरेटर चुकीचा जोडला असेल तर त्याची वीज डीपीतून उलटी चढून बंद वाहिनीतही येऊ शकते. हे सारे झाल्याशिवाय मी हाताखालच्या एकाही पोराला कोयता उचलू दिला नाही.

आंबे उतरवतानाही हीच काळजी घ्या. ओल्या फांदीतून आणि ओल्या बांबूतून वीज उतरते, ॲल्युमिनियमच्या काठीचे तर विचारूच नका. तारेच्या बाजूचे आंबे यंदा पाखरांना राहू द्यात.

तोंडी सांगण्याला काही अर्थ नसतो. खांबाचा क्रमांक, करपलेल्या पानांचा फोटो आणि गट नंबर घालून लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि 1912 या वीज तक्रार क्रमांकावरही तक्रार नोंदवा.

उत्तर (फळबागायतदार, मिरज तालुका):
छाटणीच्या दिवशी तुम्ही स्वतः हजर राहा. घाईत सरसकट शेंडा उडवला की त्या बुंध्यातून सरळसोट कोवळे फुटवे जोमाने येतात, त्यांचा जोड कच्चा असतो आणि थोड्याच काळात ते पुन्हा तारेला भिडतात. त्याऐवजी तारेकडे गेलेली फांदी, तारेपासून दूर वळलेल्या जाड उपफांदीपर्यंत मागे कापायला सांगा. आधी खालून खाच, मग थोडे पुढे वरून काप आणि शेवटी उरलेला खुंट, असे केले म्हणजे साल सोलून खाली येत नाही. झाडच काढण्याचा विचार मनात आला तर 1964 च्या वृक्षतोड कायद्यात आंबा संरक्षित आहे, त्यामुळे आधी परवानगी लागेल.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. आज अर्ज देऊन पोच घेतली आणि तोडणाऱ्याला नको म्हणून कळवले. तोवर पुन्हा वळीव आला आणि तार तुटून पडली तर?

उत्तर (निवृत्त लाईनमन):
तार शांत पडलेली दिसली तरी ती चालू आहे असेच धरा. माणसे आणि जनावरे निदान 10 मीटर लांब ठेवा, काठीने ती बाजूला सारू नका आणि लगेच 1912 ला कळवा. चुकून जवळ सापडलाच तर लांब ढांग टाकू नका. जमिनीतही वीज पसरलेली असते आणि दोन पावलांमधल्या फरकाने ती अंगातून जाते. दोन्ही पाय जुळवून, जमिनीवरून न उचलता, थोडे थोडे घासत मागे या. बांधाला बैल बांधत असाल तर ते आजच हलवा.