गोल्फ बॉलचं कव्हर: आयनोमर की युरेथेन (दोन्ही प्लास्टिकचे प्रकार)?

प्रश्न: स्कोअर (एका फेरीतले फटके) ९५-१०० च्या आसपास. ड्राइव्ह (टीवरून, म्हणजे सुरुवातीच्या जागेवरून मारलेला लांब फटका) उजवीकडे वळतो, चिप (जवळून मारलेला छोटा फटका) ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक गवतावर) थांबत नाही. कोणता बॉल घ्यावा?

उत्तर १: निवड ग्रीनपासून सुरू करा, टीपासून नव्हे. मऊ युरेथेन कव्हरवर वेजच्या (छोट्या, उंच फटक्यांच्या क्लबच्या) खाचांची पकड बसते, म्हणून स्पिन मिळतो. आयनोमर टणक, टिकतं जास्त, पण चिप घरंगळत जाते.

उत्तर २: सहमत. स्लाइस, म्हणजे ड्राइव्हचं उजवीकडे वळणं, मात्र बॉल बदलून जाणार नाही, क्लबफेस (क्लबची बॉलला लागणारी बाजू) उघडा, म्हणजे उजवीकडे वळलेला राहतोय. कमी स्पिनच्या बॉलने वळण थोडं घटेल, इतकंच.

उत्तर ३: दोन्ही प्रकारचे तीन-तीन बॉल घेऊन २०-३० मीटरवरून चिप मारा, मग पटिंग (ग्रीनवर बॉल होलकडे घरंगळवणं). तळ्यातून काढलेले बॉल चाचणीला नकोत. अन् दर फेरीत चार-पाच बॉल पाण्यात जात असतील, तर युरेथेनचा हट्ट कशाला?